लघुसंदेश विपणन मोहिमांचे वेळापत्रक (दक्षिण व मध्य मुंबई)

लघुसंदेश विपणन मोहिमांचे वेळापत्रक म्हणजे एखाद्या व्यवसायाने ग्राहकांच्या भ्रमणध्वनीवर पाठवावयाचे प्रचारपर लघुसंदेश (एसएमएस) कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या क्रमाने आणि कोणाला जातील याची आगाऊ आखणी होय. गिरगाव, दादर, परळ व लालबाग या मुंबईच्या जुन्या मराठी वस्त्यांमधील कापड दुकाने, सराफी पेढ्या, गणेशमूर्तींचे कारखाने, मसाल्याची दुकाने, नाट्यसंस्था, शिकवणी वर्ग व दवाखाने या माध्यमाचा उपयोग करतात. या भागातील आखणीला तीन निरनिराळ्या वेळा सांभाळाव्या लागतात: दूरसंचार नियमांनी आखून दिलेली दिवसाची वेळ, पंचांगाप्रमाणे दर वर्षी सरकणारी सणांची वेळ आणि पाऊस, लोकलगाड्या व गर्दी यांवर ठरणारी शहराची वेळ. यांपैकी पहिल्या दोन आधी कळतात. तिसरी कळत नाही, म्हणून ठरवून ठेवलेला संदेश थांबवण्याची सोय ही तो पाठवण्याच्या सोयीइतकीच महत्त्वाची मानली जाते.

पूर्वपीठिका

ग्राहकाला योग्य दिवशी आठवण करून देण्याची गरज या बाजारांना भ्रमणध्वनीच्या फार पूर्वीपासून होती. वर्तमानपत्रात घालून वाटलेली हस्तपत्रके, नेहमीच्या गिऱ्हाइकांना दिवाळीपूर्वी धाडलेली पोस्टकार्डे, चित्रपटगृहात मध्यंतरापूर्वी दाखवल्या जाणाऱ्या काचेच्या स्लाइड आणि नाटकांच्या जाहिरातींचे वर्तमानपत्री रकाने ही त्याची साधने होती. लालबाग-परळच्या बाजारपेठेची लय गिरणीच्या पगाराशी बांधलेली होती. १९३६च्या वेतन प्रदान अधिनियमानुसार हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्याने पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापूर्वी आणि त्याहून मोठ्या कारखान्याने दहाव्या दिवसापूर्वी पगार द्यावा, असे बंधन होते. गिरण्या मोठ्या असल्याने गिरणगावातील खरेदी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात उसळत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ही लय मोडली. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या लोअर परळच्या कार्यालयांत पगार महिनाअखेरीस किंवा महिन्याच्या आरंभी होतो. त्यामुळे एकाच वस्तीत, एकाच रस्त्यावर, खरेदीच्या तारखा दोन पिढ्यांत बदललेल्या दिसतात.

जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये पाठवला गेला. भारतात भ्रमणध्वनी सेवेचा आरंभ ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यात झाला आणि त्याच वर्षी ती मुंबईतही आली. दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळे परिमंडळ असून त्यात नवी मुंबई व ठाणे-कल्याणचा काही भागही येतो. पुढे स्वस्त संदेशयोजना आल्या आणि सणांच्या दिवशी शुभेच्छांचा पूर येऊ लागला. त्यावर सेवादात्यांनी काढलेला उपाय म्हणजे 'ब्लॅकआऊट डे'. दिवाळी, नववर्ष अशा दिवशी सवलतीचा दर बंद ठेवून प्रत्येक संदेशाला पूर्ण पैसे आकारले जात. अनेक घरांतून दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच पाठवल्या जाऊ लागल्या, त्या या दरामुळे. किमतीकडे पाहून संदेशाची वेळ ठरवण्याचा हा या शहरातील बहुधा पहिला सार्वत्रिक अनुभव होता.

नियमांनी आखलेली वेळ

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच 'ट्राय'ने, २००७ साली अनाहूत व्यावसायिक संदेशांविषयी पहिले विनियम केले आणि नको असलेल्यांसाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. २०१०च्या विनियमांनी रात्री ९ ते सकाळी ९ या काळात व्यावसायिक संदेशांना मनाई केली. त्यांची पूर्ण अंमलबजावणी २७ सप्टेंबर २०११ रोजी सुरू झाली आणि त्याबरोबर एका सिमकार्डावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादाही आली. ती तारीख घटस्थापनेच्या आदल्या दिवसाची होती. साध्या भ्रमणध्वनीवरून गिऱ्हाइकांना स्वतःच संदेश पाठवणाऱ्या छोट्या दुकानदारांना नवरात्राच्या तोंडावर हात आखडता घ्यावा लागेल, अशी ही वेळ होती. नोव्हेंबरमध्ये मर्यादा २०० करण्यात आली. दिवाळी तोवर होऊन गेली होती.

सध्याचा पाया १९ जुलै २०१८ रोजी प्रसृत झालेल्या विनियमांचा आहे. त्यांनुसार संदेश पाठवणाऱ्या व्यवसायाला सेवादात्याकडील सामायिक नोंदप्रणालीत, म्हणजे 'डीएलटी' मंचावर, आपली नोंदणी करावी लागते. प्रेषकाचे नाव दाखवणारा 'हेडर' आणि संदेशाचा साचा, म्हणजे 'टेम्प्लेट', हेही आधी मंजूर करून घ्यावे लागतात. हेडरपूर्वी दिसणाऱ्या दोन अक्षरांपैकी पहिले सेवादात्याचे व दुसरे परिमंडळाचे असते. मुंबईसाठी 'एम' हे अक्षर आहे. ग्राहकाला बँक-विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य, ग्राहकोपयोगी वस्तू, मनोरंजन, पर्यटन व खाद्यपदार्थ अशा वर्गांपैकी कोणते प्रचारसंदेश हवेत, कोणत्या दिवशी हवेत आणि कोणत्या वेळी हवेत, हे १९०९ या क्रमांकावर नोंदवता येते. प्रचारसंदेशांसाठी व्यवहारात सकाळी १० ते रात्री ९ हाच पट्टा उपलब्ध असतो. ओटीपी, पावती, आगाऊ नोंदवलेल्या मालाची सूचना अशा संदेशांना हे बंधन नाही.

वेळापत्रक आखताना सर्वाधिक घोळ होतो तो या दोन प्रकारांच्या सीमेवर. लालबागच्या कारखान्यात पाट देऊन मूर्ती नोंदवलेल्या ग्राहकाला 'आपली मूर्ती तयार आहे, अमुक वेळेत न्यावी' असे कळवणे ही सेवा होय. त्याच ग्राहकाला पुढच्या वर्षी 'यंदाही शाडूच्या मूर्तींची नोंदणी सुरू' असे कळवणे हा प्रचार होय. पहिला संदेश सकाळी ७ वाजताही जाऊ शकतो. दुसरा १० पूर्वी जाऊ शकत नाही आणि ज्याने सर्व प्रचारसंदेश बंद केले आहेत त्याच्यापर्यंत, त्याने त्या व्यवसायाला नोंदणीकृत संमती दिलेली नसल्यास, पोहोचतच नाही. सेवासंदेशाच्या शेपटाला सवलतीची ओळ जोडली की संपूर्ण संदेश प्रचारात मोडतो. परिणामी असे घडते की वीस वर्षे पाडव्याला येणारे गिऱ्हाईक यादीत असते, संगणकाच्या हिशेबात संदेश 'सादर' झालेला असतो, आणि तरीही तो त्याला मिळालेला नसतो.

८ मार्च २०२१ रोजी साच्यांची काटेकोर पडताळणी सुरू होताच देशभर बँकांचे व अन्य संस्थांचे ओटीपी अडकले. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ती पडताळणी सात दिवसांसाठी स्थगित केली. साचा मंजूर असणे आणि प्रत्यक्ष पाठवलेला मजकूर त्या साच्याशी अक्षरशः जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी सर्वांना उमगले. १ ऑक्टोबर २०२४ पासून आगाऊ नोंद न केलेला दुवा असलेले संदेशही अडवले जातात. २०२४ची घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती. ज्यांच्या नवरात्रातील साच्यांत दुकानाच्या संकेतस्थळाचा किंवा नकाशाचा दुवा होता, त्यांना तो त्यापूर्वी नोंदवणे आवश्यक झाले.

१२ फेब्रुवारी २०२५च्या सुधारणेने हेडरच्या शेवटी 'पी', 'एस', 'टी' किंवा 'जी' हे अक्षर आणले. ते अनुक्रमे प्रचार, सेवा, व्यवहार व शासकीय संदेश दर्शवते. ग्राहकाला तक्रारीसाठी ३ऐवजी ७ दिवस मिळाले, आणि नोंद नसलेल्या प्रेषकांवरील कारवाईची मुदत ३० दिवसांवरून ५ दिवसांवर आली. संमती मागे घेतलेल्या ग्राहकाकडे ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. गणेशोत्सवापूर्वी अतिरेक करून ग्राहक गमावणाऱ्याला दिवाळीपर्यंत त्याचे दार वाजवता येत नाही, असा याचा स्थानिक अर्थ निघतो. दुकानात बिल करताना घेतलेला क्रमांक कोणत्या कारणासाठी वापरला जाईल याची स्पष्ट संमती घेण्याचे तत्त्व २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही आहे.

पंचांगाची वेळ

इंग्रजी तारखेवर बसवलेले वेळापत्रक पुढच्या वर्षी जसेच्या तसे वापरता येत नाही. गणेशचतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला, २०२४ साली ७ सप्टेंबरला आणि २०२५ साली २७ ऑगस्टला आली. गुढीपाडवा त्याच तीन वर्षांत अनुक्रमे २२ मार्च, ९ एप्रिल व ३० मार्च रोजी होता. संदेश पाठवणाऱ्या बहुतेक प्रणालींत 'दर वर्षी याच तारखेला' अशी सोय असते. वाढदिवसासाठी ती उपयोगी आहे, सणासाठी फसवी. २०२४च्या गणेशचतुर्थीचा संदेश २०२५ साली त्याच ७ सप्टेंबरला गेला असता, तर तो अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, विसर्जन आटोपून घरी झोपलेल्या लालबागकरांना मिळाला असता. या कारणाने येथील वेळापत्रक तिथीवर बसवून मग तारखेत उतरवावे लागते, आणि त्यासाठी लागणारे साधन बहुधा भिंतीवरच टांगलेले असते.

साडेतीन मुहूर्त, म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी आणि अर्धा मुहूर्त मानलेली दिवाळीतील बलिप्रतिपदा, हे सराफांचे ठरलेले दिवस होत. त्यांत गुरुपुष्यामृताची भर पडते. गुरुपुष्य योग कधी सकाळीच संपतो, कधी दुपारनंतर लागतो. त्या दिवशीच्या संदेशाची वेळ योगाच्या वेळेशी जुळवावी लागते, आणि योग सकाळी १०पूर्वी संपत असेल तर संदेश आदल्या दिवशीच पाठवणे भाग पडते. अधिक महिन्यात जावयाला वाण देण्याच्या प्रथेमुळे चांदीची ताटे, निरांजने व कपडे यांची मागणी वाढते. हा महिना सुमारे तीन वर्षांनी येत असल्याने त्याचा साचा बहुतेकांच्या संग्रहात नसतो आणि ऐन वेळी मंजुरीसाठी धावपळ होते. २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा होता.

काय पाठवायचे याइतकेच केव्हा गप्प बसायचे हेही पंचांग सांगते. भाद्रपदाच्या कृष्ण पक्षात नवीन वस्त्र, दागिना वा वास्तू यांची खरेदी टाळणारी कुटुंबे या वस्त्यांत अजूनही पुष्कळ आहेत. पितृपक्षात धाडलेला 'नवीन घराचे स्वप्न' हा संदेश वाया जातोच, शिवाय पाठवणाऱ्याला इथले काही ठाऊक नाही असे मत करून देतो. अनुभवी दुकानदार हे पंधरा दिवस साचे मंजूर करून घेण्यात व यादी स्वच्छ करण्यात घालवतात, आणि सर्वपित्री अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, घटस्थापनेला, पहिला संदेश सोडतात. मार्गशीर्षातील गुरुवारांपूर्वी बुधवारी दुपारी फुले, फळे व पूजासाहित्याचे संदेश जातात. ६ डिसेंबर रोजी महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमी व शिवाजी पार्क परिसरात लाखो अनुयायी अभिवादनासाठी येतात. त्या दिवशी दादरच्या पत्त्यावरून सवलतींचे संदेश पाठवणे औचित्याला सोडून ठरते.

काही व्यवसायांची वर्षे सणांवर चालत नाहीत. लालबागच्या मिरची व मसाल्याच्या बाजारात खरी वर्दळ होते ती एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीसाठी. मिरच्या निवडून, उन्हात वाळवून, भाजून, कांडून घेण्याला दिवस लागतात. म्हणून येथे एकच मोठा संदेश पाठवण्यापेक्षा नवीन मिरची आल्याचा, कांडपाच्या गर्दीचा आणि पाऊस जवळ आल्याचा असे तीन लहान संदेश अंतराने पाठवणे सयुक्तिक ठरते. शिकवणी वर्गांचे संदेश परीक्षांच्या निकालाभोवती फिरतात. दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा गिरगावच्या साहित्य संघ मंदिरात प्रयोग करणाऱ्या नाट्यसंस्थांना शनिवार-रविवारच्या प्रयोगांसाठी गुरुवार-शुक्रवारची संध्याकाळ साधावी लागते. त्याआधीचा संदेश विसरला जातो, त्यानंतरचा पोहोचेपर्यंत घरात दुसरा बेत ठरलेला असतो.

शहराची वेळ

गिरगाव-परळमधील असंख्य कुटुंबे चाळींतून डोंबिवली, कल्याण, बदलापूर, वसई, विरार येथे राहावयास गेली. खरेदीसाठी मात्र ती दादरला, मसाल्यासाठी लालबागला आणि पाडव्याच्या शोभायात्रेसाठी गिरगावात येतात. त्यांचा येण्याचा निर्णय रेल्वेवर अवलंबून असतो. रविवारचा मेगाब्लॉक शुक्रवार-शनिवारी जाहीर होतो. सोमवारीच ठरवून ठेवलेला 'या रविवारी भव्य सेल' हा संदेश शनिवारी सकाळी जाईपर्यंत मध्य रेल्वेची वाहतूक दुसऱ्या मार्गावर वळवलेली असू शकते, आणि चिंचपोकळी व करी रोड या स्थानकांवर गाड्या थांबणार नसल्याचे घोषित झालेले असते. रविवारच्या मोहिमेची अंतिम पुष्टी शुक्रवारी संध्याकाळनंतर करण्याची पद्धत यातूनच आली.

दिवसातील वेळेबाबतही हाच हिशेब लागतो. नियमांनी सकाळी १०ला दार उघडते तेव्हा नोकरदार ग्राहक गाडीत उभा किंवा नुकताच कार्यालयात पोहोचलेला असतो. दहाच्या ठोक्याला सर्वच व्यवसायांचे संदेश एकदम सुटतात आणि एकमेकांखाली गाडले जातात. दुपारी १ ते २ची जेवणाची सुट्टी आणि संध्याकाळी ६ ते ८ हा परतीचा प्रवास या वेळा अधिक उपयोगी समजल्या जातात. गृहिणी व निवृत्त ग्राहकांसाठी सकाळी ११ची वेळ घेतली जाते. दादरमधील अनेक दुकाने परंपरेने सोमवारी बंद असत. २०१७च्या राज्य अधिनियमाने वर्षाचे सर्व दिवस दुकाने उघडी ठेवण्याची मुभा दिली, तरी आपले दुकान त्या दिवशी उघडे आहे की नाही एवढे पाहूनच 'आजच भेट द्या' असा संदेश ठरवावा, ही अगदी साधी बाब वारंवार निसटते.

गणेशोत्सवात लालबाग-परळचा हिशेब वेगळा होतो. १९३४ साली स्थापन झालेल्या लालबागच्या राजासह अनेक मोठ्या मंडळांमुळे डॉ. आंबेडकर मार्ग व आसपासच्या गल्ल्या दहा दिवस माणसांनी भरलेल्या असतात. या काळात दुकानाकडे बोलावणारा संदेश बाहेरच्या ग्राहकासाठी निरुपयोगी असतो. गर्दीतून तो येणार नाही आणि जो दर्शनाला येऊन रांगेत उभा आहे तो रांग सोडणार नाही. मूर्तींचे कारखाने मात्र चतुर्थीपूर्वीच्या चार-पाच दिवसांत सेवासंदेशांचा फार चांगला उपयोग करू शकतात. सर्व ग्राहकांना एकच वेळ न देता पन्नास-पन्नासच्या गटांना तासातासाच्या अंतराने बोलावले, तर अरुंद गल्लीत हातगाड्या व टेम्पो अडकत नाहीत. वेळापत्रकाने विक्री वाढते की नाही याबद्दल मतभेद असू शकतील. गर्दी विभागली जाते हे मात्र डोळ्यांनी दिसते.

मराठी मजकूर आणि त्याचे माप

रोमन लिपीतील साध्या संदेशात १६० अक्षरचिन्हे मावतात. देवनागरीसाठी यूसीएस-२ ही संकेतनपद्धती लागत असल्याने मर्यादा ७०वर येते आणि संदेश त्याहून लांबल्यास प्रत्येक भागात ६७च चिन्हे बसतात. प्रत्येक काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त यांचे स्वतंत्र चिन्ह मोजले जाते. 'च्या' हे एक जोडाक्षर चार चिन्हे खाते. 'गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा' एवढ्यातच, दोन मोकळ्या जागा धरून, ३२ चिन्हे संपतात. दुकानाचे नाव, सवलत, मुदत आणि संदेश बंद करण्याची सोय यांसाठी ३८ उरतात. १४० चिन्हांचा संदेश दोन नव्हे, तीन भागांत मोजला जातो आणि तिप्पट आकारला जातो.

या खर्चामुळे पुष्कळ दुकाने इंग्रजीत किंवा रोमन लिपीतील मराठीत संदेश पाठवतात. रोमन मराठी ज्येष्ठ ग्राहकाला अडखळत वाचावी लागते, आणि सराफी वा साडीच्या दुकानात खरेदीचा शब्द बहुधा त्याच पिढीचा चालतो. शिवाय देवनागरी लिहिली म्हणजे मजकूर लांबतोच असे नाही. 'गणेशोत्सव' हा शब्द देवनागरीत ९ चिन्हांचा आणि रोमन लिपीत ११ अक्षरांचा आहे. अडचण शब्दांची नसून मर्यादेची आहे. शुभेच्छा व सवलत एकाच संदेशात कोंबण्याऐवजी केवळ कामाची बाब मराठीत लिहिली, तर ती ७० चिन्हांत बसते. साच्यात बदलत्या मजकुरासाठी सोडलेल्या रिकाम्या जागेत प्रत्येकी ३० चिन्हांची मर्यादा असते. लांब मराठी नावे व चाळीचा पत्ता तेथे भरताना संदेश फेटाळला जाऊ शकतो.

पाठवणीची यंत्रणा

ठरवलेली वेळ आणि पोहोचण्याची वेळ यांत अंतर असते. प्रति सेकंद २० संदेश असा वेग असलेल्या मार्गाने २०,००० संदेश जाण्यास १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटे लागतात. तेच संदेश रात्री ८.५५ वाजता सोडले तर ९ वाजेपर्यंत ६,०००च जातील. उरलेले १४,००० रद्द होतील की सकाळपर्यंत रांगेत थांबतील, हे पाठवणाऱ्या कंपनीच्या रचनेवर अवलंबून असते. दुसरी शक्यता अधिक वाईट, कारण 'फक्त आज' असे सांगणारा संदेश दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचतो. यावर उपाय म्हणजे वैधताकाळ ठरवणे. संदेश केंद्रांच्या एसएमपीपी या भाषेत पाठवण्याची वेळ आणि वैधताकाळ यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. पहिला सर्वजण भरतात, दुसरा रिकामा राहतो. वैधताकाळ न दिल्यास बंद असलेला भ्रमणध्वनी चालू होईपर्यंत संदेश केंद्रात पडून राहू शकतो.

परदेशी प्रणाली वापरताना कालविभागाची चूक संभवते. जागतिक प्रमाणवेळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे आहे. संध्याकाळी ६ म्हणून नोंदवलेली वेळ प्रणालीने जागतिक प्रमाणवेळ मानली, तर ती येथे रात्री ११.३० होते आणि संपूर्ण मोहीम अडवली जाते. दोन घड्याळांचा हा घोळ या शहराला अगदीच अपरिचित नाही: देशात प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईत तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५पर्यंत काही व्यवहारांत चालू होती.

स्थगिती व रद्द करणे

ठरवून ठेवलेला संदेश बाहेर काय घडले आहे हे न पाहता सुटतो. २९ ऑगस्ट २०१७ रोजी, गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी, मुंबईत अतिवृष्टी झाली. परळ, हिंदमाता व एल्फिन्स्टन परिसर पाण्याखाली गेला आणि लोकलगाड्या बंद पडून हजारो लोक रात्रभर अडकले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावरील चेंगराचेंगरीत २३ जणांचा मृत्यू झाला. दसऱ्याचे संदेश नेमके आदल्या दिवशी जावयाचे असतात. अशा दिवशी परळच्या पत्त्यावरून 'आनंदाची पर्वणी' पोहोचणे म्हणजे काय, हे त्या वस्तीत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. २५ मार्च २०२० हा गुढीपाडवा देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. गिरगावची शोभायात्रा त्याआधीच रद्द झाली होती. पंधरा दिवसांपूर्वी नोंदवलेल्या पाडवा-खरेदीच्या संदेशांना मात्र कोणीतरी हाताने थांबवणे आवश्यक होते.

शासनाच्या आदेशानेही पाठवणी बंद होऊ शकते. सप्टेंबर २०१०मध्ये अयोध्या निकालाच्या पार्श्वभूमीवर देशभर घाऊक संदेशांवर बंदी घालण्यात आली होती. त्या वर्षी अनंत चतुर्दशी २२ सप्टेंबरला होती, त्यामुळे बंदीचा काळ पितृपक्षात गेला आणि सणाचा धंदा वाचला. ऑगस्ट २०१२मध्ये ईशान्य भारतीयांविषयीच्या अफवांमुळे दिवसाला केवळ ५ संदेशांची मर्यादा काही दिवस लागू झाली आणि नंतर ती २० करण्यात आली. निवडणूककाळात राजकीय घाऊक संदेशांना पूर्वप्रमाणन लागते आणि मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत ते पाठवता येत नाहीत. व्यापारी संदेशांना हा नियम लागू नाही, पण उमेदवाराचे नाव वा छायाचित्र असलेल्या दुकानाच्या 'शुभेच्छा' या रेषेजवळ जातात.

म्हणून वेळापत्रकात प्रत्येक मोहिमेसमोर ती थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे हे लिहून ठेवतात. ही व्यक्ती शक्यतो त्या भागात राहणारी किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी असावी. बंगळुरू वा गुरुग्राममधील सेवाकंपनीच्या कर्मचाऱ्याला हिंदमाताला गुडघाभर पाणी आहे हे खिडकीतून दिसत नाही. मोठी यादी असल्यास आधी शंभर-दोनशे क्रमांकांना, त्यांत मालकाचे व कामगारांचे क्रमांक धरून, संदेश पाठवतात आणि अर्धा तास थांबून उरलेले सोडतात. त्या अर्ध्या तासात चुकीची तारीख, तुटलेले जोडाक्षर किंवा बंद पडलेला दुवा लक्षात येतो.

अन्य माध्यमांशी तुलना

बऱ्याच लहान दुकानांनी लघुसंदेश सोडून व्हॉट्सॲपच्या प्रसारण याद्या स्वीकारल्या आहेत. तेथे साच्याची मंजुरी लागत नाही, छायाचित्र पाठवता येते आणि देवनागरीला जादा पैसे पडत नाहीत. मात्र एका यादीत २५६ जणच मावतात आणि ज्याने दुकानाचा क्रमांक जतन केला आहे त्यालाच संदेश मिळतो. सकाळी १० ते रात्री ९चे बंधन तेथे नसल्याने पहाटे सहाला सुप्रभाताबरोबर साड्यांची छायाचित्रेही येतात. साधा भ्रमणध्वनी वापरणारे ज्येष्ठ ग्राहक आणि इंटरनेट बंद ठेवून प्रवास करणारे लोकलमधील प्रवासी यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी लघुसंदेश टिकून आहे. मूर्ती तयार असल्याची, दागिना पॉलिश होऊन आल्याची किंवा प्रयोग रद्द झाल्याची सूचना आजही बहुधा त्याच मार्गाने येते.